भूषणच्या गाडीची बॉडी

“ह्यात बुडबुडा आहे,” भीमराव म्हणाले आणि त्यांनी तिसरं पॅनलही बाजूला ठेवलं.

येरवड्यातल्या संभाजीच्या वर्कशॉपमधला हा त्यांचा चौथा रविवार. संभाजी स्पोर्ट्स बाइकना रेसची बॉडी बनवून द्यायचा, फायबरची. शोरूममधून गाडीवर येते ती वेगळी. रेसच्या बॉडीला हेडलाइटची जागाच नसते आणि पोटाखालचं पॅनल बंद असतं, म्हणजे इंजिन फुटलं तरी तेल ट्रॅकवर सांडत नाही.

“काका, गाडीला लावायचीय ही,” संभाजी म्हणाला. “स्थळ बघायला आल्यासारखं काय बघताय?”

“स्थळ मी एका बैठकीत पसंत केलं होतं. ते चांगलं होतं.”

त्यांच्याबरोबर आलेल्या शुभंकरला, भूषणच्या मित्राला, हसू आलं नाही. शनिवारी चेन्नईच्या रेसची नावनोंदणी बंद होणार होती. बॉडी बसवायला संभाजीला पाच दिवस हवे होते. आज ठरलं नाही तर भूषणचं हेही वर्ष वाया जाणार होतं.

गाडी बुद्धभूषणची, भीमरावांच्या एकुलत्या एका मुलाची. दोन वर्षांपूर्वी तो चेन्नईला दुसरा आला होता. गेल्या वर्षी मुळशी रस्त्यावर तो आणि शुभंकर एकाच गाडीवरून जाताना वळणावर घसरले. बॉडीचा चुरा झाला. शुभंकरला खरचटलं, भूषणच्या डोक्याला मार बसला.

गाडी भूषण चालवत होता, असं शुभंकरने हवालदाराला सांगितलं. चालवत होता शुभंकर. ‘एकदा दे ना यार’ म्हणून हट्टाने घेतली होती, आणि लायसन्स नव्हतं. महिन्याभरात कंपनी त्याला ऑनसाइट पाठवणार होती, अमेरिकेला. पोलीस केस झाली तर व्हिसाचं काय, एवढंच त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलं. मित्र रस्त्यावर पडलेला असताना ह्याला व्हिसा सुचला.

नंतर भीमरावांचा फोन आला. भूषण वाचला, पण त्या दिवसाचं त्याला काही आठवत नाही. शुभंकरला हायसं वाटलं. तसं वाटल्याची त्याला अजून लाज वाटत होती.

अमेरिकेहून परतल्यावर तो भेटायला गेला, तर भूषणनेच त्याचे हात धरले. “सॉरी यार. तुला काही झालं असतं तर मी तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं?” मग म्हणाला, “मी आता गाडीला हात लावणार नाही. लायकीच नाही माझी.” गाडी जिन्याखाली ताडपत्रीत होती. शुभंकर चहा न घेताच उठला.

खरं बोलायचं सोडून बाकी काहीही करायला तो तयार होता. म्हणून ही बॉडी. नवी बॉडी चढलेली गाडी दारात उभी राहिली की भूषणला राहवणार नाही, असा त्याचा हिशेब.

भीमरावांना विचारलं तेव्हा ते लगेच म्हणाले, “मी येतो. तुला कॉम्प्युटर कळतो, फायबर नाही.” एकतीस वर्षं त्यांनी कारखान्यात माल तपासला होता. बायको, शालन, गेल्यापासून घरात दोघंच होते, बाप आणि लेक. भूषणची रेस असली की चेन्नईहून फोन येईपर्यंत भीमराव जेवत नसत.

आता त्यांनी चौथं पॅनल खिडकीतल्या उजेडात धरलं होतं.

“जाडी सारखी नाही.”

“साहेब, हाताने बनवतो मी,” संभाजी वैतागला. “तुमच्या कारखान्यातही माणसंच होती ना?”

“होती. म्हणून तर मला ठेवलं होतं.”

“माळ्यावर एक शेवटचं आहे. ते पसंत पडलं तर सुपारी फोडू, नाही तर तुम्हीच बनवा,” असं म्हणत संभाजी शिडी घेऊन मागे गेला.

भीमराव पॅनलच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. त्या सावकाश फिरणाऱ्या बोटाकडे बघताना शुभंकरला एकदम असह्य झालं. एवढा जीव लावून हा माणूस मुलाच्या गाडीसाठी बॉडी निवडतोय, आणि आपण त्याच्याशेजारी सज्जन बनून उभे आहोत.

“काका,” तो म्हणाला, “त्या दिवशी गाडी भूषण चालवत नव्हता. मी चालवत होतो.”

बोट थांबलं.

“मी खोटं बोललो. काय वाटेल ते बोला मला, मारा. पण आज मी भूषणला सांगणार आहे. आत्ता, इथून गेल्यावर. गेलं वर्षभर तो माझं पाप डोक्यावर घेऊन बसलाय.”

भीमरावांनी पॅनल खाली ठेवलं, हात रुमालाला पुसले.

“सांगितलंस, तर तो परत रेसला जाईल?”

“जाणारच काका! शंभर टक्के. चूक आपली नव्हती हे कळलं, की त्याला कोण अडवणार?”

“मग सांगू नकोस.”

शुभंकरला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

“दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आला तेव्हा त्याला सगळं आठवत होतं,” भीमराव म्हणाले. “गाडी तू चालवत होतास, हेसुद्धा. ‘डोक्याला मार लागलाय म्हणून तुला भलतंच आठवतंय, चालवत तूच होतास,’ असं महिनाभर त्याच्या उशाशी बसून मी त्याला पटवलं.”