ठरावाच्या बाजूने

रात्री बंदूक चालवायची मनाई उठवावी, असा ठराव होता; पण सभा सुरू होऊन बराच वेळ झाला तरी बोलणं रानडुकरांवरच अडलं होतं. मग ते तिच्या गेलेल्या नवऱ्यावर आलं, आणि सभेला रंग चढला.

"रात्री बंदुकीला मनाई आहे, म्हणूनच तो गेला," दूधवाला उभा राहून म्हणाला. "परवानगी असती तर लोक मोठे दिवे लावून, एकमेकांना सांगून बसले असते. चोरून बसावं लागतं म्हणून काळोखात बार निघतो. माझा अख्खा मका डुकरांनी आडवा केलाय. दिवसा ती बाहेर पडत नाहीत. मग मारायची कधी? निरोप पाठवून दुपारी बोलवायची?"

हशा पिकला. पहिल्या रांगेत ती बसलीय हे कुणाच्या तरी लक्षात आलं, तसा तो ओसरला.

"उलटं बोलताय तुम्ही," शाळेच्या बाई म्हणाल्या. "मनाई असताना एक माणूस गेला. परवानगी दिलीत तर किती जातील? त्या माणसाची तरी चाड ठेवा."

दोन्ही बाजूंना तोच हवा होता. जिवंत होता तेव्हा या सभेत त्याला कुणी धड बोलू दिलं नव्हतं. फाटक्या तोंडाचा म्हणायचे. आता त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं.

मागच्या मोसमात रात्री तो पाण्याचा पंप बंद करायला शेतात गेला होता. पंपावर वाकलेला असताना कुणीतरी डुक्कर समजून गोळी झाडली. गोळी आरपार गेली, ती सापडलीच नाही. चौकशीत अख्खं गाव त्या रात्री झोपलेलं निघालं.

शेजारी बसलेला धाकटा दीर उठला. भाऊ गेल्यापासून तिची नांगरट, पेरणी, सगळं त्यानेच अंगावर घेतलं होतं. तिला तोंडातून शब्द काढावा लागला नव्हता.

"माझा भाऊ गेलाय," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "माझ्यासमोर बंदुकीचं नाव काढू नका. मी तर माझी दुसऱ्याच दिवशी विहिरीत टाकली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली बसताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "ताई, जबरदस्ती नाही. पण तुम्हाला काही सांगायचं असेल तर सगळे ऐकतील."

ती उभी राहिली. "मी ठरावाच्या बाजूने आहे."

"वहिनी," दीर हळूच म्हणाला, "काय बोलताय?"

"डुकरांचं मला काही नाही, भाऊजी. ती कालही खात होती, उद्याही खातील." मग ती मागे वळली, सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बोलू लागली. "ज्याच्या हातून झालं, तो इथेच कुठेतरी बसलाय. माणूस मारायला तो गेला नव्हता, हे मला कळतं. पण त्याला तोंड उघडायची सोय नाही. उघडलं की आधी मनाई मोडल्याचा गुन्हा, आणि मग पुढचं सगळं. मनाई उठली तर निदान घरी येऊन म्हणेल, माझ्या हातून झालं. मी पोलिसांत जाणार नाही. आला तर चहा करून देईन. पण मला कळू दे. वर्षभर ज्याच्या-त्याच्या हाताकडे बघत जगतेय मी."

सभेला आलेले वनखात्याचे साहेब खुर्चीतच पुढे सरकले.

"ताई, एक सांगायला हवं. ठराव झाला, वरून मंजुरी आली, तरी ते पुढच्या मोसमापासून. मागच्याला लागू नाही."

"म्हणजे तेव्हाचा गुन्हा तो गुन्हाच?"

"हो."

"बरं," ती म्हणाली.

तरीही हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात तिचा होता. मग त्या हाताच्या आडोशाने पुष्कळ हात वर गेले. ठराव पास झाला.

"तुमच्यामुळे झालं, ताई," दूधवाला म्हणाला. तो मनापासून खूश दिसत होता.

ती जाऊन पुढच्या दारात उभी राहिली. हॉलच्या फरशीला नवं पॉलिश केलं होतं म्हणून सगळ्यांच्या चपला पायरीशी काढलेल्या होत्या. माणसं एकेक करून येत होती, मान खाली घालून आपापली जोडी शोधत होती. कुणी "येतो हं" म्हणालं. कुणी खांद्यावर हात ठेवला. शाळेच्या बाई न बोलताच गेल्या. थांबलं कुणीच नाही.

गर्दी सरली तेव्हा पायरीवर एकच जोडी उरली होती. डाव्या चपलेचा तुटलेला अंगठा तिनेच चांभाराकडून शिवून आणला होता.

शिपाई कुलूप घेऊन आला.

"आमचे भाऊजी आत आहेत का?" तिने विचारलं.

"ते कधीच गेले. मागच्या दाराने. तुम्ही इथे येऊन उभ्या राहिलात ना, तेव्हाच."

ती हॉलला वळसा घालून मागे आली. मागे कापणी झालेलं मक्याचं रान होतं. सुरीसारखे तिरपे कापलेले खुंट जमिनीतून वर आले होते, आणि त्यातून तो अनवाणी चालला होता. पाय टेकला की कळवळत होता, पण थांबत नव्हता.

हाक मारायला तिने तोंड उघडलं. मग मिटलं.

तो बांधाच्या कडेने, कमरेत वाकून पळू लागला. भर दुपारचं लख्ख ऊन होतं. तरी इतक्या लांबून, पळतंय ते माणूस आहे की जनावर, हे काही केल्या सांगता येत नव्हतं.