लाल पट्टी

दवाखान्यातली यंत्रं सांभाळणाऱ्या त्याला सगळे ज्योतिषीबुवा म्हणत. कुठलं मशीन बिघडणार हे त्याचा कॉम्प्युटर आठवडाभर आधीच सांगायचा, आणि हा पठ्ठ्या त्यावर लाल पट्टी चिकटवून ते लगोलग बदलून टाकायचा. सात वर्षांत एकही मशीन चालता चालता बंद पडलं नव्हतं.

म्हणूनच त्याच दवाखान्यात असलेल्या त्याच्या आईला श्वास देणाऱ्या मशीनचा नंबर कॉम्प्युटरच्या यादीत आला, तेव्हा त्याने मागचापुढचा विचार केला नाही.

"दादा, चांगलं चाललंय की ते! कशाला हात लावतोस?" बहीण कळवळून म्हणाली.

"मंगळवारपर्यंत बंद पडणार ते," म्हणत त्याने स्वतःच्या हाताने नवंकोरं मशीन जोडलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते नवं मशीनच बंद पडलं. सिस्टर धावत आली, तोवर आई गेली होती.

लाल पट्टीचं मशीन भंगारात निघालं होतं. ते त्याने घरी आणलं, आईच्या रिकाम्या पलंगाशेजारी ठेवलं आणि चालू केलं.

"अहो, बंद करा ना ते," बायको विनवायची.

"मी नाही करणार. ते आपणहून बंद पडायला हवं."

दर मंगळवारी तो रजा टाकून त्याच्यासमोर बसतो. याला आता दोन वर्षं झाली.

पाहुणे आले की बायको त्या खोलीचं दार घट्ट ओढून घेते. तरी आतून येणारा श्वासाचा आवाज ऐकून कुणीतरी हळूच विचारतंच, "आत कुणी झोपलंय का?"