तीनपर्यंत मोजायचं

लाह्या फुटताना पातेल्याकडे बघायचं नसतं, कान द्यायचा असतो, हे आजोबांनी दोन्ही नातवंडांना शिकवलं होतं. दोन आवाजांच्या मध्ये तीनपर्यंत मोजता आलं, की गॅस बंद.

बाहेर पानगळ सुरू झाली होती. आज धाकटीने एकटीने मोजलं आणि एकही दाणा करपला नाही. थोरल्याने पाक ओतला, दोघांनी लाडू वळले, ताटाभोवती नारिंगी कागदाची पानं मांडली. आजोबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"चाळीस वर्षं आचारी होतो, पण असा कान नाही पाहिला!"

पातेलं घासून ओट्यावर पालथं घातलं होतं. त्याच्याखाली फट् वाजलं.

"दाणा राहिला असेल," थोरला म्हणाला.

आजोबांनी पातेलं उचललं. आत काही नव्हतं, खालीही नव्हतं. पुन्हा पालथं घातलं. फट्.

धाकटीने डोळे मिटले. "एक, दोन, तीन." फट्. "एक, दोन." फट्. "एक."

पोरगी एकदाही चुकली नाही. तशातही आजोबांना कौतुक वाटलं. त्यांनी पातेल्यावर दोन्ही हात दाबून धरले होते.

"आजोबा," ती ऐटीत म्हणाली, "हे संपत आलेलं नाहीये. हे आत्ता सुरू होतंय."