जपलेली शीर

दिगंबर डॉक्टर वाकून दारातून आत आले, तेव्हा अंबूबाईनं पिचकारी उकळायला चुलीवर पाणी आधीच ठेवलं होतं. लोणावळ्याहून कुरवंड्यापर्यंत यायचं म्हणजे साहेबाचा अर्धा दिवस मोडतो. ती अडाणी असेल, पण एवढं न कळण्याइतकी खुळी नव्हती. डॉक्टरांनी काचेची पिचकारी आणि सुई पातेल्यात सोडली आणि ते तिच्या लेकीजवळ, मुक्ताजवळ बसले.

मुक्ता भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिचा श्वास कोंडायचा. बाळंतपणात पोरीचं अंग सुजलं ते सुजलंच. मूल गेलं, सूज राहिली. मूत्रपिंडं चालेनात, लघवी अडलीय, विष अंगातच साठतंय, असं डॉक्टर म्हणायचे. तोंडानं दिलेलं औषध पोटात ठरत नव्हतं, म्हणून ते थेट शिरेत सोडायचं. पण शिरा म्हणजे काय विहिरीचं पाणी आहे, उपसावं आणि पुन्हा भरावं? उजव्या हाताच्या शिरा औषधानं जळून सुतळीसारख्या कडक झाल्या होत्या. शीर शोधायला पायाला चीर देऊन पाहिली, तर रक्त दिसायच्या आधी पाणीच पाझरायला लागलं. शेवटी गरम पाण्याच्या घड्या ठेवून ठेवून डाव्या कोपराच्या खोलग्यात एक शीर सापडली. बोटाला लागायची, डोळ्याला दिसायची नाही. ती पुन्हा हरवू नये म्हणून डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून तिच्यावर निळी रेघ ओढली होती.

"ही रेघ पुसू देऊ नका, मावशी. आता एवढीच राहिली. जिवापाड जपा," असं सांगून मागच्या खेपेला ते घाईनं निघून गेले होते.

अंबूबाईनं त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. लेकीचं अंग पुसताना तेवढा हात ती कोरडा ठेवायची. त्यावर माशी बसू द्यायची नाही.

आज त्या कोपराला स्वच्छ फडकं बांधलेलं होतं.

"हे कशाला बांधलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सोडा की. बगा तरी."

ती पदर सावरून बाजूला उभी राहिली. साहेब काही शाबासकी द्यायचे नाहीत, पण एखादा बरा शब्द बोलतील, असं तिला वाटत होतं.

फडकं सुटलं. आत हळद आणि खोबरेल लावलेला डाग होता, कडेनं काळा, मध्ये फोडांनी टरारलेला. रेघ होती तिथंच, रेघेएवढाच.

"हे काय केलंत?"

"डाग दिला. काल सांजंला पोरीचा दम कोंडला, डोळं फिरवलं तिनं. तवा कोंडाजीला बोलावलं. त्येच्या हातानं लय जनांची सूज उतरलीया. त्यो आदी कोळशानं खूण करतो, मग तापला विळा टेकवतो. हितं तर खूण तुमी करूनच गेलता. त्यो म्हनला, सायबाला बी जागा ठावं हाय म्हनायची." अंबूबाई जरा थांबली. "म्या सोता हात धरला तिचा. रेघंभाईर जाऊ दिलं न्हाई."

डॉक्टरांनी डागाच्या वर दाबून पाहिलं, खाली दाबून पाहिलं. मुक्ता नुसती कण्हली.

"अहो, जपा म्हणून सांगितलं होतं मी!"

"जपलीच की. पान्याचा थेंब लागू दिला न्हाई."

डॉक्टरांचा चेहरा रागानं लाल झाला आणि तसाच उतरला. त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला, मग खाली आला.

"औषध तिथूनच आत सोडायचं होतं, मावशी," ते हळू आवाजात म्हणाले. "जपा म्हणालो. कशासाठी, ते सांगायचं माझं राहिलं."

आता अंबूबाईला सगळं कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"मंग दुसरी बगा की," ती म्हणाली.

त्यांनी पाहिली. मनगटं पाहिली, पावलं पाहिली, मान पाहिली. जिथं बोट दाबावं तिथं खळगा पडे आणि तसाच राही. हाताला बांधायची रबरी नळी त्यांनी घोंगडीवर ठेवून दिली.

"आज औषिद न्हाई गेलं तर?"

"तर रात्र निघणं कठीण आहे."

अंबूबाई खाली बसली. ती रबरी नळी तिनं उचलली, एक टोक दातात धरलं आणि स्वतःच्या दंडाला करकचून आवळली. जन्मभर भाताचे भारे वाहिलेला हात तो. कोपरापासून मनगटापर्यंत शिरा तट्ट फुगून वर आल्या, आंधळ्यालाही सापडाव्यात अशा. तो हात तिनं डॉक्टरांच्या पुढ्यात धरला.

"हितनं घाला. माजंच रगत हाय तिच्यात."

चुलीवर पाण्याला उकळी फुटली होती आणि पिचकारी पातेल्यात आपटून वाजत होती. अंबूबाई मूठ आवळत होती, सोडत होती, मुक्ताला डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं.