एक नंबरची जागा

मेटल डिटेक्टर झाडापाशी गप्प होता. जमिनीजवळ नेताच तो कोकलायला लागला.

"दाजी, जमिनीत काय करवत चालवायचीय?" मेहुणा म्हणाला. हातातला लाल रंगाचा डबा त्याने खाली ठेवला. "चला पुढे."

तो पुढे गेला नाही. डिटेक्टर खाली ठेवून, गुडघ्यांवर बसून तो पालापाचोळा बाजूला सारू लागला.

डिटेक्टर त्याने सकाळीच आरागिरणीतून मागून आणला होता. जुन्या कुंपणाच्या तारा, खिळे खोडात रुतून बसतात, त्यांच्यावर करवतीचे दात मोडतात, म्हणून आधीच तपासलेलं बरं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. कारण बिनतोड होतं. फक्त दाजी यंत्र खोडांपेक्षा मातीवरूनच जास्त फिरवतायत, हे मेहुण्याच्या केव्हाच लक्षात आलं होतं.

जंगलातली कोणती झाडं तोडायची ते ठरवून त्यांच्यावर लाल पट्टा मारायचा, हे त्याचं काम. तोड बेताने होतेय ना, जंगल खंगत तर नाही ना, यावर लक्ष ठेवायचं, हे त्याच्या बायकोचं. त्यासाठी तिच्या मोजणीच्या ठरावीक जागा होत्या. तिथली खोडं किती जाड झाली, माती किती पाणी धरते हे ती पुन्हा पुन्हा जाऊन मोजायची. त्यावरून मग कचेरीत हिशेब लागायचा, की हे जंगल खालच्या वस्तीला किती पाणी राखून देतं, किती माती अडवतं आणि या सगळ्याचं मोल काय. या जागा पट्टा मारणाऱ्याला कळता कामा नयेत, असा नियम होता. कळल्या तर तेवढ्या ठिकाणी तो हात आखडता घेणार आणि कागदावर सगळं जंगलच गुटगुटीत दिसणार. म्हणून खूण झाडावर नाही, मातीत पुरलेली. आणि कळलेली जागा बाद.

नियम त्याला पटत होता. शिडी पटत नव्हता.

शिडी हा बायकोचा मोजणीतला जोडीदार. उंच, हसतमुख, टेपचं दुसरं टोक धरणारा. नाव मेहुण्यानेच ठेवलेलं. सगळ्या जागा फक्त त्या दोघांना ठाऊक. संध्याकाळी ती केसांत काटक्या घेऊन घरी यायची, आणि आज कुठे होतात असं विचारलं की हसून म्हणायची, ते सांगायचं नसतं. न सांगण्याचं त्याला काही नव्हतं, हसण्याचं होतं. ते हसू घरी पोचेपर्यंत एवढं उरतं, तर तिकडे केवढं असेल, या विचाराने त्याचा जीव नुसता जळायचा.

हाताला लोखंड लागलं. एक खुंटी, तिच्या डोक्यावर ठोकलेला आकडा. एक.

"ही ताईची पहिली जागा," आकडा वाचून मेहुणा हळूच म्हणाला. "तिनेच पुरली असणार. झालं समाधान? आता बुजवा."

तो उठून चहूकडे बघू लागला. नेमकं काय दिसायला हवं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. दोघांनी टेकायचा एखादा ओंडका, निदान चॉकलेटचा कागद. काहीच नव्हतं. झाडं होती, तीही चारचौघांसारखी. खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं. त्याच्या मनात आलं ते एवढंच, की किती व्यवस्थित आवरून जातात दोघं.

खुंटीजवळ एक जाडजूड, वाकडं झाड होतं. त्याच्या सावलीत दोन सरळ, कोवळी झाडं खुरटली होती. असल्या झाडाला तो एरवी चालता चालता पट्टा मारायचा. मेहुण्याने सवयीने ब्रश बुडवून पुढे केला. त्याने घेतला आणि हात तसाच धरून उभा राहिला.

"जाणार की राहणार?"

"कळत नाही."

"काल तर न बघता मारत होतात."

काल ते नुसतं झाड असतं. आज पट्टा मारला तर तो शिडीवरचा राग असणार होता, आणि सोडलं तर बायकोची मर्जी. झाडापुरतं बघणं त्याला आता जमेना.

मेहुण्याने त्याला समजावून बघितलं. माती लोटायची, पानं पसरायची, तोंडाला कुलूप. सांगितलं तर जागा बाद होईल, ताईची सगळी मेहनत पाण्यात जाईल, आणि घरात जे होईल ते वेगळंच. त्याला ते पटतही होतं. पण न सांगितलं तर ती इथे येत राहणार, टेप लावून मन लावून मोजणार, आणि ते सगळं खोटं असणार, तेही त्याच्यामुळे. ते काही त्याच्या गळी उतरेना. त्याने ब्रश डब्यात टाकला आणि फोन काढला.

तिने लगेच उचलला. मागे शिडी मोठमोठ्याने आकडे सांगत होता.

"तुझी एक नंबरची जागा सापडली," तो म्हणाला.

तिने विचारलं, "सापडली, की शोधलीस?"

"शोधली," तो म्हणाला. "तुम्ही दोघं कुठे असता ते बघायला."

पलीकडचे आकडे थांबले. काय झालं, कुठल्या जागेचं काही आहे का, शिडी विचारत होता. मोजणीतली एकही गोष्ट तिने आजवर शिडीपासून लपवली नव्हती.

"काही नाही," ती शिडीला म्हणाली. "घरचं आहे."