फाट्यावरची पाटी

आमच्या किनाऱ्याकडे वळायच्या फाट्यावर कौन्सिलवाल्यांनी पाटी लावली, की आमचा दोस्त क्लेम ती उपटून आणायचा. "पर्थची गर्दी इथं नको, लेको! हा किनारा आपला!" म्हणायचा आणि आम्ही हसत बिअरचे डबे उंचावायचो. शेवटची पाटी चांगली भलीमोठी होती. तिला पाय ठोकून त्याने आमच्या पत्र्याच्या खोपटात मासे साफ करायचं टेबल केलं.

रविवारी वाळूच्या टेकाडावर त्याच्या बायकोला, नोरीनला, साप चावला. अँब्युलन्स बोलावली, आणि विष भिनू नये म्हणून तिला चालू न देता आम्ही उचलून त्या टेबलावर निजवलं. तासाभराने क्लेमला अँब्युलन्सवाल्याचा फोन आला, "वळण सापडत नाहीये हो! इथली पाटी कुठंय?"

क्लेमने टेबलाकडे पाहिलं. त्या पाटीवरच नोरीन पडली होती, आणि तिचा श्वास थांबला होता.