शेवटच्या घरावरची पवनचक्की

"एक दिवस थांबता येणार नाही?" अलकनंदानं अंगणातून वर पाहत विचारलं.

मुरलीधर गच्चीच्या कठड्यापाशी आला. मागं त्याचा जुना सहकारी गुणवंत तीस फुटी पाइपाला ताणाच्या तारा बांधत होता. पवनचक्कीची तीन पाती जुन्या चादरीवर आडवी ठेवलेली होती.

"का गं? अमावस्या आहे म्हणून?"

"तसंच काहीतरी."

"चलो, आज नुसता पाइप उभा करू," गुणवंत म्हणाला. "पाती उद्या."

गुडगावच्या नव्या सेक्टरमधलं ते शेवटचं घर. पुढं कापणी झालेली शेतं आणि बिल्डरांच्या पाट्या. १९९७चा एप्रिल चालू होता. वीज-अभियंता म्हणून सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर मुरलीधर दिल्लीतल्या आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून इथं आला होता. ते क्वार्टर दोघांनाही नकोसं झालं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी रुचिता एकोणिसाव्या वर्षी काविळीनं तिथंच गेली. या नव्या घरात तिची म्हणावी अशी एकही खोली नव्हती, म्हणून तर त्यांनी ते घेतलं.

संध्याकाळी सातला वीज जायची, ती नऊला यायची. दिवसाही ती इतकी कमी असे की इन्व्हर्टरची बॅटरी कधी भरायचीच नाही. अलकनंदा मेणबत्ती लावू देत नसे. "अंधारच बरा वाटतो डोळ्यांना," म्हणायची. दोघं वेताच्या खुर्च्यांत समोरासमोर बसून राहत.

फेब्रुवारीत एकदा त्या अंधारात ती हळूच म्हणाली, "आलीस?"

मुरलीधरच्या अंगावर काटा आला. कोण आलं, असं तो विचारणार होता, पण डोळे एकदम जड झाले. जाग आली तेव्हा दिवे लागलेले होते. घसा कोरडा पडला होता. अलकनंदाचे डोळे ओले होते, पण चेहरा निवलेला दिसत होता.

"कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी नाही. पाणी देऊ?"

मग ते रोजचंच झालं. जागं राहायचं असं तो ठरवायचा, 'आलीस?' एवढं ऐकायचा, आणि मग थेट उजेडच. साठीला आलेल्या माणसाला डुलकी लागायचीच, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

मार्चमध्ये दुधाच्या बूथवर शेजारच्या विजयालक्ष्मीनं त्याला थांबवलं.

"भाईसाब, बेटी आई है क्या? शाम को आवाज़ आती है. हँसती है तो हमारे घर तक सुनाई देता है."

मुरलीधर दूध न घेताच घरी परतला. लग्नाआधी अलकनंदा नाटकांत कामं करायची. कुणाचाही आवाज हुबेहूब काढायची. वाटेत त्याला एवढंच आठवत राहिलं.

त्यानं फक्त गुणवंतला सांगितलं.

"डॉक्टरचं नाव काढलंस तर ती खचेल," गुणवंत म्हणाला. "तू अंधारच होऊ देऊ नकोस. जनरेटर चालू करेपर्यंत दोन मिनिटं जातातच. पण तुझ्याकडे पश्चिमेचा वारा मोकळा आहे यार. वाऱ्यावर बॅटऱ्या भरू, खोलीतला दिवा थेट त्यांच्यावर लावू. वीज गेल्याचं कळणारसुद्धा नाही."

पाइप उभा राहिला त्या संध्याकाळी अलकनंदानं धुतलेली साडी नेसली. शिरा केला आणि एक वाटी भरून टीपॉयवर ठेवली. सातला वीज गेली.

"आलीस? ये. आजचाच दिवस बघ," एवढं त्यानं ऐकलं.

उजेड झाला तेव्हा ती त्याच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली होती. त्याचे दोन्ही हात घट्ट धरून रडत होती. वाटी रिकामी होती.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "उद्यापासून हे सगळं संपलं."

ती आणखीच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी पाती चढली आणि दुपारच्या वाऱ्यावर फिरू लागली. सातला सगळा सेक्टर काळोखात बुडाला, त्यांचा दिवा मात्र तसाच जळत राहिला. अलकनंदा नऊपर्यंत त्या दिव्याकडे बघत बसली.

दोन महिने असे गेले. 'आलीस?' पुन्हा कधी ऐकू आलं नाही. "बेटी चली गई?" असं विजयालक्ष्मीनं एकदा विचारलं, तेव्हा तो नुसता हसला. अलकनंदा कमी जेवायची, कामापुरतं बोलायची. मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला थोडा वेळ लागतोच, असं तो धरून चालला होता.

जूनमधल्या एका संध्याकाळी आंधी सुटली. गच्चीवर पाती घोंघावत होती. अलकनंदा दिव्याखाली भेंडी चिरत होती. मुरलीधर तिच्याजवळ जाऊन बसला.

"अलका, एक बोलू? रागावू नकोस. मला सगळं माहीत होतं. अंधारात तू रुचूच्या आवाजात बोलायचीस. शेजारीसुद्धा ऐकायचे. मी मुद्दामच काही बोललो नाही, तुला वाईट वाटलं असतं. पण आता बरी झालीस ना?"

तिनं विळी आडवी केली. तिला राग आलेला दिसत नव्हता.

"मी कशाला तिच्या आवाजात बोलू?" ती म्हणाली. "मी नुसती विचारायचे, आलीस का, जेवलीस का. तिच्या आवाजात उत्तरं द्यायचात ते तुम्ही."